घरच्या घरी ताहिनी सॉस: तीळ भाजण्यापासून सॉस फेटण्यापर्यंत

ताहिनी सॉस करताना मध्यावर तो हमखास बिघडल्यासारखा दिसतो. चमच्यावरून सहज ओघळणाऱ्या ताहिनीत लिंबाचा रस पडतो, आपण ढवळू लागतो आणि बघता बघता त्या मऊ वाटणाचा घट्ट, रवाळ, चमच्याला चिकटून बसणारा गोळा होतो. पहिल्यांदा करणारा माणूस इथे बिचकतो. कोणी वरून तेल घालतो, कोणी आणखी ताहिनी ओततो, कोणी भांडेच बाजूला सारतो. वास्तविक या टप्प्यावर फक्त थंड पाणी घालत राहायचे असते. पाण्याच्या अंशाने घट्ट झालेला पदार्थ आणखी पाणी घातल्यानेच सैल होतो, हे ऐकायला उलटे वाटते. पण ते का होते हे एकदा समजले की सॉसची कृती अगदी सोपी आहे. चव मात्र त्याच्या कितीतरी आधी, तीळ निवडताना आणि भाजताना ठरते, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

त्याआधी दोन पदार्थ वेगळे ओळखावेत. ताहिनी म्हणजे सोललेले आणि हलके भाजलेले तीळ अगदी बारीक वाटून केलेले तेलकट, ओघळते वाटण. त्यात तिळाशिवाय फारसे काही नसते. या ताहिनीत लिंबाचा रस, लसूण, मीठ आणि पाणी फेटले की ताहिनी सॉस होतो. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन या भागांत तो तरातोर या नावाने ओळखला जातो, आणि फलाफल, शावर्मा, तळलेले किंवा भाजलेले मासे यांच्या जोडीला तो असतोच. इजिप्तमध्ये त्यात जिरे आणि पुष्कळदा व्हिनेगरही पडते. सायप्रसमध्ये तो ताशी या नावाने जेवणाच्या सुरुवातीला पावाबरोबर वाढला जातो. विकतची ताहिनी हाताशी असेल तर भाजणे आणि वाटणे हे दोन भाग सोडून थेट पुढे जायला हरकत नाही.

तिळाची निवड

सॉससाठी सोललेले, पांढरे तीळ घ्यावेत. तिळाच्या सालीत कॅल्शियम ऑक्झलेट असते आणि कडवटपणाही बहुतांशी तिथलाच असतो. सालीसकट वाटलेली ताहिनी करड्या रंगाची, तुरट-कडवट आणि थोडी खरखरीत होते. एरवी ती वाईट लागते असे नाही, पण लिंबू आणि लसणाच्या सोबतीने तिचा कडवटपणा अंगावर येतो. सालीसकटच्या तिळात कॅल्शियम पुष्कळ असते म्हणून काही जण तीच पसंत करतात. मात्र ते कॅल्शियम ऑक्झलेटशी बांधलेले असल्याने शरीराला त्यातले थोडेच मिळते, तेव्हा केवळ त्यासाठी चवीशी तडजोड करण्यात अर्थ नाही.

तीळ ताजे आहेत की नाहीत हे जीभच सांगते. चिमूटभर कच्चे तीळ तोंडात टाकून सावकाश चावावेत. आधी गोडसर, मग दुधाळ चव आली तर ते चांगले. घशाशी कडवट किंवा जुन्या तेलासारखी खवट चव रेंगाळली तर त्यांची ताहिनी करूच नये, कारण भाजल्याने खवटपणा झाकला जात नाही, उलट उघडा पडतो. तिळाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग तेलच असतो. सेसमीन, सेसमोलिन यांसारख्या नैसर्गिक घटकांमुळे ते तेल बरेच टिकाऊ असले तरी सोललेल्या दाण्यावर सालीचे संरक्षण उरत नाही. म्हणून सोललेले तीळ लागतील तेवढेच आणावेत. ताहिनी बनवणारे व्यावसायिक इथिओपियाच्या वायव्येकडील हुमेरा भागातल्या तिळाला विशेष मान देतात. तो मिळाला तर उत्तम. पण घरगुती कामात तिळाच्या जातीपेक्षा ताजेपणाचे महत्त्व जास्त आहे.

साल काढण्याची पारंपरिक रीतही माहीत असावी. तीळ पाण्यात भिजवतात, हलके चेचून साल सुटी करतात आणि मग मिठाच्या दाट पाण्यात सोडतात. सुटलेली साल तळाशी बसते, दाणा वर तरंगतो. तो काढून, धुऊन, वाळवून मगच भाजायचा. घरी हा खटाटोप करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पाव किलो तिळासाठी अर्धा दिवस जातो आणि दाणे पुरते वाळले नाहीत तर पुढे अडचण ठरलेली, कारण तिळात राहिलेला ओलावा वाटताना तोच आखडण्याचा प्रकार घडवून आणतो, जो आपल्याला फक्त सॉसच्या वेळी हवा आहे. धूळ असेल म्हणून तीळ धुतले, तर तेही कडकडीत वाळवून घ्यावेत. आणि मिक्सरचे भांडे, झाकण, चमचा यांवर पाण्याचा थेंबही असू नये.

भाजणे

२५० ग्रॅम तीळ घेतले तर घट्टसर ताहिनी साधारण एक कप निघते आणि तेल किती घातले त्यानुसार ती थोडी वाढते. जाड बुडाची, पसरट कढई मंद आचेवर ठेवावी, तीळ घालावेत आणि उलथन्याने तळापासून सतत हलवत राहावे. कढई मोठी असावी; थर जाड झाला की तळाचे दाणे करपतात आणि वरचे कच्चे राहतात. साधारण ६ ते ८ मिनिटांत खमंग वास सुटतो आणि एखाद-दुसरा दाणा तडतडून उडू लागतो. दाणा दोन बोटांत चिरडला की ओलसर चपटा न होता भुगा होतो. इथे थांबावे. रंग पांढऱ्यावरून जेमतेम हस्तिदंती झालेला असावा. तीळ तांबूस दिसू लागले म्हणजे ते आधीच पुढे गेले, कारण आच बंद केल्यावरही दाण्यांतली आणि कढईतली उष्णता त्यांना भाजतच राहते. म्हणून तीळ लगेच कोरड्या परातीत पातळ पसरावेत. ओव्हन वापरायचा असेल तर १६० अंश सेल्सियसवर १० ते १२ मिनिटे पुरतात, मध्ये एकदा दाणे हलवून घ्यावेत आणि शेवटची तीन मिनिटे नजर ठेवावी.

हलक्या भाजण्यावर एवढा भर देण्याचे कारण सॉसच्या चवीत आहे. जास्त भाजलेल्या तिळाला गडद, दाट सुगंध येतो. चिनी तिळाच्या पेस्टला तोच हवा असतो आणि तिथे तो शोभतो. लिंबाच्या आंबटपणापुढे मात्र तो सुगंध मागे पडून कडवटपणा तेवढा पुढे येतो. नियमाला अपवाद आहेच: गाझामध्ये तीळ कोरडे, जास्त भाजून तांबडी ताहिनी करतात आणि सुमाकिय्या, रुम्मानिय्या यांसारख्या तिथल्या पदार्थांना तीच लागते. नाब्लूसची किझ्हा तर कलौंजी घालून वाटलेली, काळीभोर असते. दोन्ही आपापल्या जागी उत्तम आहेत. आपल्या फिकट, लिंबाळ सॉसचे मूळ मात्र फिकट ताहिनीतच आहे.

वाटणे

तीळ कोमट असतानाच वाटावेत. कोमट दाण्याला तेल लवकर सुटते. पण वाफ निघत असेल तर थांबावे, कारण बंद भांड्यात तीच वाफ पाणी होऊन वाटणात उतरते. मिक्सरचे लहान भांडे अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. एकेक मिनिट फिरवायचे, थांबायचे, कडेला चिकटलेले वाटण कोरड्या चमच्याने खाली ओढायचे आणि पुन्हा फिरवायचे. आधी जाडसर कूट होतो, मग तो ओलसर होऊन भांड्याच्या भिंतीला चिकटतो आणि पात्याभोवती पोकळी राहते; पाते नुसतेच फिरते, वाटण जागचे हलत नाही. धीर सुटतो तो इथेच. पुन्हा पुन्हा खरवडत राहिले की तीळ तेल सोडू लागतात आणि सगळे मिळून एकदम ओघळते होते. प्रत्यक्ष फिरवण्याची एकूण वेळ ५ ते १० मिनिटे धरावी. भांडे हाताला गरम लागू लागले तर मिक्सरला दहा मिनिटे विश्रांती द्यावी. मोटार जपण्यासाठी तर हे करावेच, शिवाय तापलेल्या वाटणाची चवही बोथट होते.

तेल वरून घालावे की नाही, यावर मतभेद आहेत. दगडी जात्यावर दळलेल्या ताहिनीला ते लागत नाही. घरच्या मिक्सरची ताकद मात्र बहुधा कमी पडते, तेव्हा दोन ते तीन मोठे चमचे घालण्यात कमीपणा नाही. हे तेल वासाचे नसावे. भाजक्या तिळाचे तेल तर टाळावेच, कारण हलक्या भाजण्याने राखलेली चव ते एका फटक्यात झाकून टाकते. आणखी एक पथ्य म्हणजे तेल सुरुवातीलाच ओतू नये, आधी तिळाचा दाट लगदा होऊ द्यावा आणि मग एकेक चमचा घालावा. नाहीतर अख्खे दाणे तेलात नुसते गरगरत राहतात आणि वाटलेच जात नाहीत. घरची ताहिनी जिभेला किंचित रवाळ लागते. ती विकतच्यासारखी रेशमी होईल अशी अपेक्षा ठेवू नये. सॉस झाल्यावर हा रवाळपणा बराच लपतो.

विकतची ताहिनी घेताना घटकांत फक्त तीळ, फार तर मीठ, असावे. ठेवून ठेवून तेल वर आलेले असते आणि तळाशी घट्ट थर बसलेला असतो, त्यात दोष नाही. बरणी आदल्या दिवशी उलटी ठेवावी आणि मग लांब दांड्याच्या चमच्याने तळापासून एकजीव करावी. हे न करता वरचे पातळ तेवढे वापरले, तर पहिला सॉस तेलकट होतो आणि उरलेल्या अर्ध्या बरणीत कोरडा, कशातच न मिसळणारा लगदा शिल्लक राहतो.

सॉस

चार जणांना पुरेल इतक्या सॉससाठी अर्धा कप म्हणजे सुमारे १२० ग्रॅम ताहिनी, तीन मोठे चमचे ताजा लिंबाचा रस, लसणाच्या दोन पाकळ्या, अर्धा लहान चमचा मीठ, पाव लहान चमचा जिरेपूड आणि सहा ते आठ मोठे चमचे बर्फासारखे थंड पाणी घ्यावे. इथे मोठा चमचा १५ मिलिलिटरचा धरला आहे. जिरेपूड ऐच्छिक आहे. माशांबरोबर सॉस द्यायचा असेल तर मी ती वगळते. पाण्याचे प्रमाण मात्र नेमके सांगता येत नाही. प्रत्येक ताहिनीचा दाटपणा आणि बारीकपणा निराळा, त्यामुळे एकीला ९० मिलिलिटर पुरते, दुसरीला १२० लागते.

सुरुवात लसणापासून करावी, आणि इथे थोडे थांबून समजून घेण्यासारखे आहे. अख्ख्या पाकळीला तिखट वास नसतो. ती चिरली किंवा ठेचली की पेशी फुटतात, ॲलिनेज नावाचे विकर मोकळे होते आणि त्याच्या क्रियेतून तो झणझणीत, नाकात जाणारा ॲलिसिन तयार होतो. तीव्र आंबट द्रवात हे विकर जवळजवळ निष्क्रिय होते. म्हणून पाकळ्या आधी कोरड्या ठेचून मग रसात घालण्यापेक्षा लिंबाच्या रसात बुडवूनच, मिठासह ठेचाव्यात किंवा मिक्सरमध्ये रसाबरोबर फिरवाव्यात. मिश्रण दहा मिनिटे तसेच ठेवून बारीक गाळणीतून चमच्याने दाबून गाळावे आणि चोथा टाकून द्यावा. लसणाचा स्वाद रसात उतरलेला असतो, पण त्याचा डंख राहत नाही आणि दुसऱ्या दिवशीही सॉस उग्र होत नाही. ज्यांना झणझणीतपणाच हवा आहे त्यांनी पाकळ्या मिठाबरोबर खलबत्त्यात कोरड्या ठेचून थेट घालाव्यात. मग मात्र दोनऐवजी एकच पाकळी पुरे.

आता पसरट, खोलगट वाडग्यात ताहिनी घ्यावी, जिरेपूड घालावी, गाळलेला रस एकदम ओतावा आणि हाताच्या फेटणीने किंवा काट्याने ढवळावे. अर्ध्या मिनिटात ताहिनी आखडते, रंग गडद होतो, मिश्रण फेटणीच्या तारांत अडकून बसते. ताहिनी म्हणजे तेलात विखुरलेले तिळाचे अतिसूक्ष्म कण. त्यात थोडेसेच पाणी आले की कणांतली प्रथिने आणि कर्बोदके ते शोषून फुगतात व एकमेकांना चिकटतात. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडल्यावर ते गोळा होते, तशातलाच हा प्रकार आहे. पाणी वाढत गेले की चित्र उलटते. आतापर्यंत तेलात पाणी होते, आता पाण्यात तेलाचे बारीक थेंब पसरतात आणि तिळातली प्रथिने त्या थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाहीत.

म्हणून थंड पाणी एकेक मोठा चमचा घालत जावे आणि प्रत्येक चमच्यानंतर ते पूर्ण जिरेपर्यंत जोमाने फेटावे. पहिल्या दोन चमच्यांना मिश्रण दाद देत नाही, उलट जास्तच फाटल्यासारखे दिसते. तिसऱ्या-चौथ्याच्या आसपास ते एकदम शरण येते: गाठी विरघळतात, फेटणी हलकी फिरू लागते आणि रंग झपाट्याने उजळून जवळजवळ पांढरा होतो. तेलाच्या असंख्य बारीक थेंबांवरून प्रकाश विखुरला जातो, म्हणून हा पांढरेपणा. सॉस नीट जमून आल्याची तीच खूण समजावी. यानंतर पाणी अर्धा अर्धा चमचा घालावे, कारण इथून पुढे सॉस भराभर पातळ होतो. फेटणी उचलल्यावर पडणारी धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ ठेवून मग मिसळली, तर फलाफल किंवा भाजलेल्या फ्लॉवरवर घालायला तो योग्य झाला. बुडवून खायचा असेल तर याहून घट्ट ठेवावा. सॅलडवर किंवा माशांवर ओतायचा असेल तर पळीवाढी करावा. शेवटी चव घेऊन मीठ आणि लिंबू बेतावे.

सगळे पाणी एकदम ओतले तर काय होते? पुरेसे फेटल्यावर सॉस होतोच, पण गाठी मोडायला वेळ लागतो आणि दाटपणा आपल्या हातात राहत नाही. थोडक्या सॉससाठी मिक्सरची गरज नाही. मोठ्या प्रमाणावर करायचा असेल तर मिक्सरमध्ये तो जास्त हलका आणि फुगीर होतो, तिथेही क्रम हाच ठेवावा.

बिघाड आणि उपाय

रवाळ दिसणारा, कडेला तेल सुटलेला सॉस दहापैकी नऊ वेळा नुसता पाण्याला भुकेला असतो. दोन चमचे थंड पाणी घालून फेटावे. फार पातळ झाला तर ताहिनीचा एक चमचा वाढवावा किंवा तासभर फ्रिजमध्ये ठेवावा, तो आपोआप दाटतो. कडवटपणा असेल तर तो ताहिनीतूनच आलेला असतो आणि पुरता घालवता येत नाही. मिठाची एक चिमूट तो बऱ्यापैकी दडपते, थोडे दाट दही मिसळले तर आणखी सौम्य होतो. साखर घालणे मला पटत नाही, त्याने सॉसचा सगळा तोल बदलतो.

मूळ सॉस साधला की फेरफार सोपे आहेत. मूठभर पार्सली अगदी बारीक चिरून घातली की भाजलेल्या माशांबरोबरचा हिरवा प्रकार होतो. भाजलेल्या वांग्याचा गर त्यात मिसळला तर मुतब्बल. हुमुस करतानाही आधी हा सॉस फेटून घ्यावा आणि मग त्यात शिजवलेले, मऊ छोले वाटावेत. कोरड्या छोल्यांवर ताहिनी ओतून केलेल्या हुमुसपेक्षा ते कितीतरी हलके होते. खिम्याच्या कोफ्त्यांवर ओतून ओव्हनमध्ये भाजायचा असेल तर सॉस बराच पातळ ठेवावा, कारण उष्णतेने तो दाटतो.

साठवण आणि काळजी

ताहिनी स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये काही महिने राहते, बाहेर ठेवली तर काही आठवड्यांत संपवावी. तिच्यात पाणी जवळजवळ नसल्याने बहुतेक जंतू वाढत नाहीत. तरी साल्मोनेला अशा कोरड्या, तेलकट पदार्थात जिवंत राहू शकतो आणि त्यापायी ताहिनीचा माल बाजारातून परत मागवण्याचे प्रसंग अनेक देशांत आले आहेत. भाजलेल्या तिळाला कच्च्या तिळाचे भांडे किंवा हात लागू न देणे, एवढी दक्षता घरी घ्यावी. सॉसमध्ये पाणी असल्याने तिथे जंतूंना वाढायला वाव मिळतो. तो झाकून फ्रिजमध्येच ठेवावा आणि ४ ते ५ दिवसांत संपवावा.

पाहुण्यांना वाढण्यापूर्वी तिळाची ॲलर्जी कोणाला आहे का, हे विचारावेच. ही ॲलर्जी तीव्र असू शकते. युरोपीय संघात तीळ नोंद करणे बंधनकारक असलेल्या १४ ॲलर्जीकारक पदार्थांत आहेत, आणि अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून ते प्रमुख ॲलर्जीकारकांच्या यादीत नववे ठरले. एका मोठ्या चमचाभर ताहिनीत सुमारे ९० कॅलरी आणि ८ ग्रॅम स्निग्धांश असतो, तेव्हा मोजून खाणाऱ्यांनी तेही लक्षात ठेवावे.

फ्रिजमधला सॉस दुसऱ्या दिवशी घट्ट झालेला दिसेल, कारण तिळाचे कण पाणी शोषतच राहतात. वाढण्याआधी लहान चमच्याने थंड पाणी घालून पुन्हा फेटावा आणि लिंबू-मीठ चाखून पाहावे, थोडे वाढवावेच लागते. आणि ताहिनीची बरणी संपत आली असेल तर कडेचे खरवडत बसू नये. बरणीतच लिंबाचा गाळलेला रस, मीठ आणि दोन-तीन चमचे थंड पाणी घालून झाकण घट्ट लावावे आणि जोरात हलवावे; एका माणसापुरता सॉस तयार होतो आणि बरणीही जवळजवळ धुतली जाते.